पुढच्या सीटवर बाई

“पुढे मी बसणार,” बाई म्हणाल्या.

सेठनं हातातला चहा खाली ठेवला. मी पान्हा खाली ठेवला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती उगाच ट्यूब चाचपत उभी राहिली.

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या बाजारात एका सायकलच्या दुकानात फिटर होतो. राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, आणि राजधानी भोपाळला गेली. नागपुरातले साहेब लोक सामान विकून निघाले. तशाच एका बंगल्यावरून आमच्या सेठनं टँडम उचलून आणली. टँडम म्हणजे दोघांची सायकल. चाकं दोनच, पण सीटा दोन, हँडल दोन, पायडलच्या जोड्या दोन. पुढचा वळवतो. मागच्याचं हँडल फक्त धरायला असतं. दोघांचे पायडल एका चेननं जोडलेले असतात, म्हणून एकानं पाय फिरवले की दुसऱ्याचे आपोआप फिरतात.

सेठनं ती शोभेसाठी भिंतीला टांगली होती. घ्यायला कोणी येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

आले ते वसंत मास्तर आणि त्यांच्या घरच्या, इंदूबाई. मास्तरांची बदली तिगावच्या शाळेत झाली होती. त्यांना डोळ्यांचा आजार होता. समोरचं नीट दिसे, पुस्तक वाचता येई, पण बाजूचं आणि पायाखालचं काहीच दिसत नसे. नळीतून पाहावं तसं. आपल्या सायकलवरून ते दोनदा नालीत गेले होते. रेल्वेगाडीची वेळ शाळेला जुळत नव्हती. तिगावात बिऱ्हाड करावं, तर म्हातारी आई अंथरुणावर आणि मुलगी इथल्या शाळेत. वरून अधिकाऱ्यानं सांगितलं होतं, वेळेवर हजर व्हा, नाही तर नोकरी सोडा.

“कॅरिअरवर बसवून नेऊन पाहिलं जी,” इंदूबाई मला म्हणाल्या. “चढावर मले ओढवत नाही. अन् पोलीस डबल सीट म्हणून पकडते. हे मागं बसून पायडल मारतील त जमते.”

“तुम्हाले सायकल येते?” सेठनं विचारलं.

“सौंसरले माहेर आहे माझं. संत्र्याच्या बागेत शिकली, भावाच्या सायकलवर.”

सेठ मास्तरांकडे वळला. “मास्तर, तुम्ही पुढं बसा. बाई मागून रस्ता सांगतील. तसं असन तर आजच घेऊन जा.”

मास्तर शांतपणे म्हणाले, “मागून सांगेपर्यंत बैल अंगावर येते, सेठजी.”

“मग भिंतीवरच बरी आहे ते. उद्या लोक म्हणतीन, या दुकानातून बाया नवऱ्याले मागं बसवून नेऊन राहिल्या.”

दोघं निघाली. बाई पायरी उतरल्या तेव्हा त्यांची मान ताठ होती. मास्तरांचा हात मात्र त्यांच्या खांद्यावर होता, कारण पायरी त्यांना दिसत नव्हती. ते पाहून मला राहवलं नाही.

“सेठ, मास्तर पुढं बसले त दोघंही मरतीन,” मी म्हणालो.

“तू नोकर कोणाचा?”

“तुमचाच. पण बाजूचं न दिसणाऱ्या माणसाच्या हाती मी हँडल फिट करून देणार नाही. दुसरा फिटर पाहा.”

बोलून गेलो आणि मग घर आठवलं. घरी बायको, दोन लेकरं. पण शब्द माघारी घ्यायची इच्छाही होईना. सेठ वाईट माणूस नव्हता. लोकांना भ्यायचा, एवढंच. शेवटी त्यानं तोड काढली. बाईंनी बाजाराच्या दिवशी, भर बाजारातून, जाम नदीच्या उतारापर्यंत ती चालवत न्यावी आणि परत आणावी. जमलं तर गाडी त्यांची. बाई लाजेनं नाही म्हणतील, असा त्याचा हिशेब.

मी निरोप घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. बाई भाकरी थापत होत्या. “बाजारात? चालते. लोकाईले एकदाचं पाहून घेऊ द्या.”

आता खरं काम माझं. ही गाडी साहेब आणि मॅडमसाठी बनलेली. म्हणजे पुढे आडवा दांडा, पुरुषासाठी. मागे दांडा खाली वाकवलेला, झगेवालीसाठी. आमचं गिऱ्हाईक उलटं. मी म्हटलं, पुढचा दांडा कापून खाली घेतो, पण मग फ्रेम दोघांचं वजन झेलेल की नाही, सांगता येत नाही.

“कापू नका,” बाई म्हणाल्या. “नऊवारीचा कासोटा कशाले असते?” आणि दुकानामागच्या वाड्यात त्यांनी पाय टाकून दाखवला.

त्यांच्यासाठी पुढची सीट खाली घेतली. तर मागचं हँडल त्याच सीटच्या नळीला बसवलेलं, तेही खाली आलं. मास्तर उंच, त्यांना कंबरेतून वाकावं लागे. लोहाराकडून नळी वाकवून आणली आणि हँडल वर घेतलं. ब्रेकचे रबर नवे घातले. शिवाय मागच्या चाकाच्या ब्रेकची मूठ मास्तरांच्या हँडलवर दिली. उतारावर दोघांचं वजन एकट्या बाईंच्या हाती ठेवायला मी तयार नव्हतो.

बाजाराचा दिवस उजाडला. कापसानं भरलेल्या बैलबंड्या, भाजीवाल्या, बकऱ्या, सगळी गर्दी. बाई दांड्यावरून पाय टाकून बसल्या आणि बाजार थांबला. मास्तरांनी घाईनं पायडल मारलं. गाडी डोलली आणि दोघं वांग्यांच्या ढिगावर गेली. असा हशा मी बाजारात कधी ऐकला नाही.

बाई उठल्या. लुगडं झटकलं. भाजीवालीला म्हणाल्या, “वांगे मी घेईन.” मग नवऱ्याला, सगळ्यांदेखत, “मी ‘चला’ म्हटल्याशिवाय पाय हलवायचा नाही.”

“बरं,” मास्तर म्हणाले. हशा आणखी वाढला.

“चला.”

गाडी सरळ निघाली. मी बाजूनं धावत होतो. कोणीतरी ओरडलं, “मास्तर, बायकोच्या मागं काहून बसले?”

“वर्गातही मागचे पोट्टेच जास्त मेहनत करते!” मास्तर ओरडले. ते लाल झाले होते, पण पायडल सोडलं नाही.

चौकात शिपायानं हात आडवा केला. “डबल सीट!”

“सीटा मोजा,” बाई म्हणाल्या. “दोन आहेत. पायडल मोजा. कोणता कायदा मोडला, सांगा.”

शिपायानं वाकून गाडी पाहिली. मग हात काढला.

सावरगावच्या बाजूला रस्ता नदीकडे उतरतो, तिथे गाडीनं वेग घेतला. समोरून बंडी चढत होती. बाईंच्या पाठीआडून मास्तरांना ती दिसत नव्हती. बाई ओरडल्या, “ब्रेक!” मास्तरांनी मूठ आवळली आणि गाडी बंडीच्या चाकाला घासून पुढे थांबली. बैलगाडीवाला शिव्या देत गेला. खाली उतरून दोघांनी गाडी वळवली, कारण टँडमला वळायला फार जागा लागते. चढ मात्र बसूनच चढली. दोघांचे पाय एका ठेक्यात पडत होते. वर आल्यावर कोणी हसलं नाही.

सेठनं गाडी दिली. भाव काय ठरला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझी नोकरीही राहिली. वर्षभरानं तोच सेठ गिऱ्हाइकांना सांगे, “बाईले पुढं बसवायची कल्पना माझी होती.”

मास्तर निवृत्त होईपर्यंत तिगावच्या शाळेत शिकवत राहिले. सकाळी बाई सोडायच्या आणि रिकाम्या मागच्या सीटसह एकट्या परतायच्या, संध्याकाळी पुन्हा आणायला जायच्या. पुढे मी कॅरिअरवर मुलीसाठी गादी बसवून दिली. एकदा तिघं मुक्काम करत करत जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आली, तशीच पुढे सौंसरला माहेरी.

नंतर माझं स्वतःचं दुकान झालं. नव्या फिटरला मी एकच गोष्ट शिकवतो. माप घ्यायचं ते चालवणाऱ्याचं घ्यावं, बघणाऱ्यांचं नाही. बघणारे सायकल विकत घेत नाहीत.