हिरवळीवर बूट घालून

माझी आई साहेबांच्या बंगल्यावर लॉनमधलं तण उपटायची. अनवाणी. दिल्लीच्या जानेवारीत, दवाने भिजलेल्या गवतावर. बाबा सरकारी ऑफिसात शिपाई. सरोजिनी नगरला एका खोलीचं क्वार्टर, आम्ही पाच जण. बाबांच्या पगारात भागत नव्हतं, म्हणून आई जायची. शाळेला सुट्टी असली की मीही.

एकदा मी चपला घालूनच लॉनवर गेले. मेमसाहेबांनी त्या काढायला लावल्या, आईच्या हातात दिल्या.

"सर पे रखो. तब याद रहेगा."

आईने ठेवल्या. माझ्यासमोर. डोक्यावर चपला घेऊन ती तण उपटत राहिली. पाहुण्यांची मुलं त्याच लॉनवर बूट घालून क्रिकेट खेळत होती.

मी शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. गुरुग्रामच्या कंपनीत लागले. इंटरव्ह्यूत आईचं काम ताठ मानेने सांगितलं होतं.

एका शनिवारी बॉसने टीमला गोल्फला नेलं. पब्लिक कोर्स. मेंबर असायची गरज नाही, फी भरा आणि खेळा. फाटकाशी नियमांचा बोर्ड. कॉलरचा शर्ट हवा. दुसरा मारत असताना बोलायचं नाही. त्याच्या चेंडूच्या वाटेत पाय द्यायचा नाही. वाळूच्या खड्ड्यात जो उतरेल, त्यानेच दाताळ्याने वाळू सारखी करायची. मी सगळं वाचलं.

"अरे यार, एग्ज़ाम है क्या?" टीममधला एक जण म्हणाला.

पहिल्याच भोकाच्या झेंड्यापाशी पोचलो. भोवतीचं गवत इतकं बारीक कापलेलं, की माझे पाय कडेलाच थांबले. हात आपोआप लेसकडे गेला. मी बूट काढले.

"मंदिर समझ लिया क्या?" बॉस ओरडला. सगळे खो खो हसले. कुणीतरी माझ्या पायांचा फोटो काढला.

बूट काढा, असं त्या बोर्डवर कुठेच नव्हतं. ते माझ्या अंगात मुरलेलं होतं.

बॉसचा चेंडू शेजारच्या खड्ड्यात होता. त्याने वाळू उकरून उकरून तो बाहेर काढला, आणि दाताळं माझ्या अनवाणी पायांशी फेकलं.

"तुम बराबर कर दो. माँ का काम है, खून में होगा."

मी वाकले. बूट घातले. लेस घट्ट बांधल्या. उभी राहिले.

"सर, बोर्ड पे लिखा है. जो उतरा, वही करेगा."

"मज़ाक था यार."

"मैं मज़ाक नहीं कर रही."

मागे खेळणारे खोळंबले होते. ओरडायला लागले. शेवटी त्याने दाताळं उचललं. वाकला. या वेळी कुणी हसलं नाही. फोटोही कुणी काढला नाही.

त्या वर्षी माझं प्रमोशन अडवलं. शेरा आला, टीममध्ये मिसळत नाही. मी दुसरी नोकरी धरली.

आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पाय गारठले असतील गं तुझे."

मला रडू आलं नाही. राग आला.

गेल्या रविवारी मी तिला त्याच कोर्सवर नेलं. कॉलरचा कुर्ता, सपाट तळाचे नवे बूट. झेंड्याजवळच्या गवतापाशी ती थांबली, बूट काढायला वाकली. मी तिचा हात धरला.

"आई, काढायचे नाहीत."

"कुणी बोललं तर?"

"बोलू दे. मी आहे."

आमच्या घरातलं कुणीही आता कुणाच्या गवतासाठी पायातलं काढणार नाही. सांगणारा कितीही मोठा असो.

आई त्या हिरवळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. बूट घालून.