उलटी बसलेली केबल

अकोल्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी बार्शीटाकळीहून एक भाभी कॉम्प्युटर घेऊन आल्या. नवरा काविळीने गेल्यापासून त्यांचा फोटो स्टुडिओ त्याच सांभाळायच्या. सोबत धोतर नेसलेले एक म्हातारे काका होते. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले.

उंदरांनी आतली केबल कुरतडली, म्हणून भाभींनी एका जुन्या मशिनची केबल काढून स्वतःच लावली होती. तेव्हापासून पडदा काळाच. नवऱ्याने काढलेले सगळे फोटो त्याच डिस्कमध्ये होते. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं, की काकांच्या तरुण शेतकरी मुलाने जीव दिला. त्या वर्षांत आमच्याकडे अशी बातमी ऐकली की कावून, का म्हणून, कोणी विचारत नसे. उद्या तेरवी होती आणि भिंतीवर लावण्याजोगा त्याचा एकच फोटो होता, चुलतबहिणीच्या लग्नातला, तोही त्याच डिस्कमध्ये.

“भाऊ, माझ्या हातून सगळं पुसलं काय?”

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. डिस्कची केबल म्हणजे तारांची चपटी पट्टी, तिची एक कड लाल. लाल तार दोन्ही टोकांना एक नंबरच्या पिनवरच यायला हवी. बोर्डावर बारीक ‘१’ छापलेला होता, तिथे ती बरोबर होती. डिस्ककडे मात्र उलटी. नव्या केबलला खुंटी असते, ती उलटी बसतच नाही. या जुन्या केबलला ती नव्हती. डिस्क बहुतेक शाबूत असेल, असं मी म्हणालो. खात्री मलाही नव्हती.

केबल हलकेच सोडवली. एक पिन वाकली होती, ती चिमट्याने सरळ केली. लाल कड एक नंबरकडे फिरवून दाबली आणि बटण लावलं. डिस्क घरघरली, पडद्यावर तिचं नाव उमटलं. भाभींनी ओढणी तोंडावर धरली.

तो फोटो त्यांनीच शोधला. मांडवात दाटीने उभे असलेले पाहुणे, मधे तो, हसणारा. बाकीचे कापले, तरी त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात उरला. तो पुसायला त्यांनी माऊस धरला, तसे काका उठून जवळ आले.

“तो हात राहू दे, बाई. माहाच हाये.”

भाभींनी माऊस सोडला. बापाचा हात मुलाच्या खांद्यावर तसाच राहिला.

सगळे फोटो मी सीडीवर उतरवून दिले आणि त्या फोटोची प्रिंट काढली. शाई ओली होती. काकांनी तिला हात लावला नाही. वाळेपर्यंत टेबलाशी उभं राहून पाहत राहिले. मग भाभींनी ती पुठ्ठ्यात घालून त्यांच्या हातात दिली आणि दोघं बसस्टँडकडे निघाले.