दोष स्टिअरिंग बॉक्सचा

माझे मामा चुकत नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही, घरातली वस्तुस्थिती सांगतो. दूध उतू गेलं तर गॅस मोठा असतो, चष्मा सापडला नाही तर तो कुणीतरी हलवलेला असतो. बत्तीस वर्षं त्यांनी जमीनमोजणीवाल्यांची जीप डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर चालवली आणि निवृत्त होताना तीच लिलावात घेतली.

दोन वर्षांपूर्वी मामींना घेऊन येताना, भर दुपारी, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर जीप चरात गेली. मामींच्या कपाळाला चार टाके पडले. मामांनी खाली उतरून स्टिअरिंग हलवून पाहिलं आणि निकाल दिला, "स्टिअरिंगचा बॉक्स गेलाय."

"मग तो बदला," मामी म्हणाल्या. "तोवर मी या गाडीत बसायची नाही."

तेव्हापासून मामी बसने जात आणि मामा रिकामी जीप घेऊन बसच्या मागोमाग. शेजारची सीट मात्र रोज पुसत. त्यांना हे किती लागलंय ते मला दिसत होतं, पण तोंडाने कबूल करतील तर मामा कसले! बॉक्स शोधण्यात दोन वर्षं गेली, कारण मिळालेल्या प्रत्येक बॉक्सला त्यांनी नावं ठेवली.

शेवटी गॅरेजवाल्याने वैतागून तीन बॉक्स आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले. त्यातला पॉवर स्टिअरिंगवाला मामांनी हातातही घेतला नाही. "याला पंप लावा, पाइप टाका, चॅसीला वेल्डिंग करा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

दुसरा भंगारातला, रंग देऊन नवा केलेला. मामांनी त्याच्या दांड्यावर एक जुनं स्टिअरिंगचं चाक बसवलं, डोळे मिटले आणि ते मधल्यामधे हलवून पाहिलं. "टाइट आहे. हाच लावा."

मामी पलीकडे भाजी निवडत होत्या. त्या हात पुसत आल्या आणि त्यांनी चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. "बाजूला वळवलं की अडतंय हो हे."

खरंच अडत होतं. गाडी जन्मभर बहुतेक सरळच जाते, त्यामुळे बॉक्समधले दाते मधोमध झिजतात, कडेचे कोरेच राहतात. भंगारवाल्याने वरचा स्क्रू आवळून मधला ढिलेपणा लपवला होता, त्यात कडेचे दाते जाम झाले होते. वळणावर हे चाक हातात धरून बसायची वेळ आली असती.

"मी तेच सांगणार होतो," मामा म्हणाले.

तिसरा बॉक्स कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातला, ग्रीसच्या कागदात तसाच राहिलेला. मामींनी तो दोन्ही टोकांना फिरवला. "हा घ्या." घेतला.

बॉक्स बसला त्या सकाळी मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मामी पर्स घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या. जुन्या बॉक्सवर चाक पाव फेरी मोकळंच फिरायचं, त्यामुळे मामांचे हात ती पाव फेरी आधीच जास्त मारायला शिकले होते. नवा बॉक्स सांगितलेलं ऐकणारा निघाला. मामांनी सवयीने चाक मारलं आणि जीप फाटकाच्या खांबाला जाऊन भिडली.

आता कुणाची पाळी, म्हणून आम्ही बघत राहिलो. गॅरेजवाला आधीच दोन पावलं मागे सरकला होता.

मामा उतरले. बंपर पाहिला, वाकून बॉक्स पाहिला.

"बॉक्स चांगला आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मग मामा खांबाकडे बघत म्हणाले, "त्या दिवशीही. डुलकी लागली होती मला."

"ठाऊक आहे. घोरत होतात. हाक मारेपर्यंत चर आला."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

मामींनी पलीकडचं दार उघडलं आणि त्या बसल्या. मामा जागेवर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि या वेळी धूळ गेली असंही ते म्हणाले नाहीत. जीप अजून खांबाला टेकलेली होती.

"घ्या आता मागे," मामी म्हणाल्या. "सावकाश. मी बघते मागे."