फौजी जीपचा अल्टरनेटर

बंद पडलेली गाडी ढकलायला चार माणसं येतात आणि जाताना प्रत्येक जण एक किस्सा ठेवून जातो. आमच्या केजच्या शेडमध्ये आता पाना ठेवायलाही जागा उरलेली नाही!

चंदीगडहून इंजिनिअर होऊन परतले तेव्हा माझ्या डोक्यात चकचकीत वर्कशॉप होतं. आमच्या खेड्यांतल्या मुली तिथं मीटर लावून गाड्यांचं वायरिंग तपासणार होत्या! मिळालं काय? पत्र्याची शेड, सहा मुली आणि त्यांची ने-आण करायला लष्कराच्या लिलावातली जीप. पालकांची अट एकच: पोरी अंधाराच्या आत घरी, नाहीतर वर्ग बंद. जीपचा आजारही एकच. बॅटरी चार्ज करणारा तिचा अल्टरनेटर केव्हाही संपावर जायचा!

*

शिकवायला सोबत गायकवाडमामा. फौजेत गाड्यांचं वायरिंग करून रिटायर झालेले हवालदार. रोज सकाळी मुलींना जीपसमोर रांगेत उभं करून ओरडायचे, "पहिली परेड!" म्हणजे पट्टा, पाणी, बॅटरी तपासणं.

रस्त्यानं जाणाऱ्या एका आजीनं विचारलं, "पोरी भरतीला चालल्यात का रं?"

"न्हाई, मावशी. ही जीप पळपुटी हाय, तिच्यावर पहारा हाय!"

*

एका पावसाळी दुपारी आभाळ अंधारून आलं आणि हेडलाइट लागेनात. मामांनी अल्टरनेटर उतरवला, उघडला, पुसला, परत बसवला. तरी अंधारच. मी डॅशबोर्डवरचा एक खटका फिरवला आणि लख्ख उजेड! ताफा जाताना फक्त बारीक दिवा लागावा म्हणून असलेला तो फौजी खटका.

"शत्रूला गाडी दिसू ने म्हणून असतंय ते," मामा गंभीरपणे म्हणाले.

"पण मामा," आमचे ड्रायव्हर बाबूभाई म्हणाले, "मला रस्ता बी दिसंना की!"

*

डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायचा. बाबूभाईंनी तो बल्बच काढून टाकला. त्या दिवसापासून चार्जिंग साफ बंद! कारण त्या बल्बमधून येणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा व्हायचा.

"बल्ब कावून काढला?" मामा कडाडले.

"लाल दिसलं की पोरी घाबरतेत ओ."

"ताप आला की थर्मामीटर फोडता व्हय, चाचा?" प्रज्ञानं विचारलं. आमच्या वर्गातली सगळ्यात तिखट मुलगी!

*

त्या बल्बपायी दोन दिवस उशीर झाला. प्रज्ञाचे वडील, आबा, शेडवर आले. "पोरगी हुशार हाय, मान्य. पण पुन्हा अंधार झाला, तर तिचं येणं बंद."

आणि झालाच! गावाचे दिवे दिसायला लागले होते, तेवढ्यात आमचे विझले. प्रज्ञानं इंजिन बंद करायला लावलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. समोरून मोटरसायकल आली. आबा! मी मनातल्या मनात वर्गाला कुलूप लावलं.

"मॅडम..." आबांनी सुरुवात केली.

"आबा, आधी टॉर्च धरा!" प्रज्ञा मान वर न काढता म्हणाली.

आबांनी धरली.

"वर. आणखी वर. हलवू नका ओ!"

आबांनी श्वाससुद्धा धरला. अल्टरनेटरमागची सुटलेली वायर सापडली. तिनं ती सोलली, घट्ट आवळली. बॅटरी पार उतरलेली, म्हणून मग सगळ्यांनी जीप ढकलली, आबांनीही. इंजिन धडधडलं, हेडलाइट उजळत गेले.

"उद्यापासून..." आबा म्हणाले. कोणी हलेना.

"उद्यापासून गाडीत चांगली टॉर्च ठेव बे, बाबू. ही लई मंद हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नवाकोरा अल्टरनेटर घेऊन हजर. "फौजेतल्या दोस्ताकडून मिळवला. आता जीप बंद पडायची न्हाई. बसवू?"

मी रांगेतल्या मुलींकडे बघितलं. जीप बंदच पडली नाही, तर ह्या शिकणार कशावर?

"खोक्यातच राहू द्या, मामा!"