लोहाऱ्याचे उलार विमान आणि केळापूरला नेलेले नारळ

दिवाळी आटोपल्यावर आमच्या आर्णीच्या पत्त्यावर आलेले सामान असे: पांढऱ्या कापडाचा गठ्ठा, चार हजार आठशे. कमरेला बांधायचे पट्टे एक जोडी, तीन हजार दोनशे. आणि बोल्ट आठ, नऊशे साठ. म्हणजे करंगळीएवढा एक बोल्ट एकशे वीस रुपयांना. मी बिल पुन्हा वाचले, शून्य जास्त पडले असेल म्हणून. नव्हते पडले.

सामान माझा धाकटा भाऊ विनोद याचे. यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि मागच्या शेडमध्ये तो कित्येक वर्षांपासून विमान बांधतो आहे. हे मला ठाऊक होते. पण गणपतीच्या देखाव्यात असते तसे काहीतरी असेल, असेच मी धरून चालले होते. पार्सल माझ्याकडे मागवायचे कारण एवढेच की त्याची बायको वंदना बिले वाचते.

मग त्याचा फोन आला. "ताई, तू केळापूरले देवीच्या दर्शनाले जाणारच हायेस, तं सामान घेऊन ये. दिल्लीचा परवानगीचा कागद आला. पुढच्या आठवड्यात उडवतो."

मी ओट्याला धरून उभी राहिले. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "काय उडवतो, पतंग?"

माझे लिखाण वाचणाऱ्या बायांना माहीत आहे, मी कमी खर्चात देवदर्शन कसे होते तेवढेच लिहिते. या वेळी मध्येच विमान आले, त्याला इलाज नाही.

पहिला दिवस. आर्णीहून सकाळची एसटी, यवतमाळपर्यंत बायकांचे अर्धे तिकीट अडतीस रुपये. रस्ता आता चांगला आहे. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या भरलेल्या, तुरीला पिवळा फुलोरा. यवतमाळच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, वीस रुपये प्लेट, तिखट आहे, मुलांना देऊ नका. तिथून लोहाऱ्याला ऑटोत सीटमागे वीस.

शेडचे शटर वर गेले आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली. देखावा नव्हता. खरेच विमान होते, पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पुढे लाकडी पंखा, माझ्या उंचीपेक्षा मोठा. एका पंखावरचे कापड सोलून काढले होते आणि आतल्या लाकडी फासळ्या दिसत होत्या.

"हे पंख कापडाचे?" मी विचारले.

"कापडाचेच असतात, ताई."

"अन् फाटलं म्हंजे?"

"म्हणून तं नवीन मांगवलं," विनोद म्हणाला. कापड चिकटवायचे आणि वरून गरम इस्त्री फिरवायची, मग ते ढोलकीसारखे आवळते, हेही त्याने समजावले.

दारातून वंदना म्हणाली, "इस्त्री माहीच हाय ते. दिवाळीपासून अठीच पडली हाय. पोरीचा ड्रेस मी गरम तांब्यानं दाबून राह्यली."

ती आत आली नाही. माझी भावजय त्या शेडचा उंबरा ओलांडत नाही, हे मी मायकडून ऐकून होते.

आमची माय विनोदकडेच असते. ती मात्र विमानाला टेकून लसूण सोलत बसली होती. मला म्हणाली, "पाह्य पोरी, माही सीट." खरेच, विनोदच्या सीटच्या मागे दुसरी सीट बसवलेली होती. आधी विमान एकट्यापुरते होते. हा बदल नवा. मी आणलेले बोल्ट त्याच सीटचे, तोवर वजनापुरती ती साध्या बोल्टांवर बसवली होती.

"तू बसशील?" मी विचारले.

"काहून नाही? वरून देवीचा कळस पाहीन." सत्तरी ओलांडलेली बाई हे बोलते आणि लसूण सोलते. मी देवाचे नाव घेतले.

दुपारी वजन करायचे होते. विमानात काही बदलले की पुन्हा तोलावे लागते, असा नियम आहे म्हणे. विनोदने अडत्याकडून तीन इलेक्ट्रिक वजनकाटे आणले होते. दोन पुढच्या चाकांखाली, तिसरा स्टुलावर ठेवून शेपटाखाली. आजवर मी या काट्यांवर कापूस आणि सोयाबीन पाहिले होते.

"शेपूट सत्तावीस," विनोद म्हणाला. "मागच्या खेपेले वीस होतं. सीट मागं लावली ना, म्हणून वाढलं." तो आकडा लिहायला लागला.

माझी सवय वाईट आहे. जमाखर्च जुळला नाही तर मला घास जात नाही. मी विचारले, "सीट किती किलोची?"

"पाच."

"मंग पाच किलोच्या सीटनं शेपूट सात किलो कसं वाढलं?"

विनोदने पेन खाली ठेवले. आधी काट्यावर तांदळाचा कट्टा ठेवून पाहिला. काटा बरोबर होता. मग तो शेपटाखाली उताणा झोपला, तिथले एक गोल झाकण उघडले आणि आत बॅटरी मारली.

"माय," तो तसाच झोपून म्हणाला, "अठी ये."

शेपटाच्या पोकळीत, आतल्या नळ्यांना, लाल कापडात बांधलेले नारळ टांगले होते. देवळात नवसाचे असतात तसे, ओळीने.

माय अजिबात गडबडली नाही. "नवरात्रात गल्लीतल्या बाया यंत्र पाहाले आल्या. मनल्या, हे वर जाणार, देवीच्या जवळ. आमचा नवस लवकर पोहोचंल. मी मनलं, बांधा. पुण्याईचं काम हाय, कायले नाही म्हणू?"

विनोदचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. तो रागावला नव्हता, तो घाबरला होता. त्याने मायला खाली बसवले. "माय, बाबा गाडीत कापूस भरत तवा मागं जास्त झाला तं काय होये?"

"उलार होये गाडी," माय म्हणाली. गाडी मागून जड झाली की जू वर उचलते आणि बैलांना फास बसतो, त्याला आमच्याकडे उलार म्हणतात.

"तसंच हे. मागं जड झालं का नाक वर उठते. मंग म्या कितीबी दाबलं तरी खाली येत नाही. अन् तिथून ते उडत नाही माय, पडते. एक नारळ तं शेपूट वळवाच्या तारेले घासून राह्यला."

माय विमानाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी माह्याच पोराले उलार करून ठेवलं काय."

मी मध्ये बोलले नसते तर त्याने वाढ सीटच्या नावावर टाकली असती आणि पुढच्या आठवड्यात वर गेला असता.

गल्लीतल्या बायांना बोलावले. नवस जिने बांधला तिनेच सोडायचा, ही रीत. एकेकीने हात घालून आपापला नारळ काढला. कोणाचा पोराच्या पोलीस भरतीचा, कोणाचा लेकीच्या लग्नाचा. एक बाई म्हणाली, "विनोदभाऊ, माहा तं हलकाच हाय, राहू द्या ना." दुसरी म्हणाली, "तुह्या जावयासारखा हाय, वरून मोठा अन् आत पाणीच नाही." हसू आले, पण विनोद हसला नाही. मी केळापूरला जाणारच होते, म्हणून सगळे दहा नारळ माझ्या हवाली झाले.

पण आत अजून एक होता. सगळ्यात मागे, हात जेमतेम पोचेल असा. त्याला लाल कापड नव्हते. निळ्या फुलांचे होते.

"हा कोणाचा व?" मायने विचारले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"माहा," वंदना म्हणाली. ती उंबरा ओलांडून आत आली. कापड तिच्या मुलीच्या जुन्या फ्रॉकचे होते. "बाकीच्यायनं मांगतलं ते मले माहीत नाही. म्या मांगतलं, हे वर जाऊ नये."

विनोदने विचारले, "काहून? इतकी वर्षं तं चूप होती."

"एकट्याचं होतं तवर चूप होती. तुमचा शौक, तुमचा जीव. दुसरी सीट लावली तवा बांधला. आज माय बसंल, उद्या माही पोरगी म्हणंल मले बसव. तुम्ही नाही म्हणणार हाय काय तिले?"

विनोदला नाही म्हणता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वर जाऊ नये म्हणून बांधलेला नारळच त्याला वरून पाडणार होता, हे तिला आता कळले होते. तिने हात घातला, पण गाठ सुटेना. शेवटी विनोदने बॅटरी धरली आणि तिने नखांनी गाठ सोडवली.

दुसरा दिवस. वंदना नारळांचे पोते घेऊन माझ्यासोबत निघाली. यवतमाळहून पांढरकवडा अर्धे तिकीट साठ रुपये. कंडक्टर पोत्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, लगेजचं तिकीट लागते." मी म्हटले, "देवीचं हाय बापा." तो म्हणाला, "मंग देवीले सांगा पैसे द्याले." वीस रुपये दिले. पांढरकवड्याहून केळापूर जवळच आहे, ऑटोने वीस. शुक्रवारी गर्दी असते, शक्यतो टाळा. झुणका भाकर सत्तर रुपयांत पोटभर मिळते.

दहा नारळ पुजाऱ्यांनी घेतले आणि नवसाच्या ओळीत टांगले. वंदनाने निळ्या फुलांचा पुढे केला आणि नवस काय तोही सांगितला. पुजारी विचारात पडले. "बाई, टांगलेला नारळ मी फळ आल्यावरच फोडतो. अन् होऊ नये याचं फळ केव्हा आलं म्हणाचं? आज नाही उडालं, उद्या उडंल." त्यांनी अंगारा दिला आणि नारळ परत दिला.

परतीच्या बसमध्ये वंदनाने तो माझ्या ओटीत ठेवला. "शेडमधे ठेवला तं उलार, घरात ठेवला तं सासूच्या डोळ्यात. तुमच्यापाशी राहू द्या, ताई."

लोहाऱ्याला उतरले तेव्हा विनोदने पुन्हा वजन केले होते, हिशोब जुळला होता. मला वाटले आता दिवस ठरवेल. त्याने मी आणलेली बोल्टांची पुडी माझ्या हातात परत दिली. "हे घेऊन जाय. तिचा नारळ सुटंल तवा पाठव. तवर दुसरी सीट नाही, अन् उडणंबी नाही." वंदना ऐकत होती. तिने शेडमधून इस्त्री उचलली आणि ती घरात गेली. एवढेच.

दोन दिवसांचा माझा खर्च, दक्षिणा धरून, पाचशे सत्तर. प्रवास सोपा आहे, बायांनी एकट्याने करावा. माझ्या देवघरात मात्र आता निळ्या फुलांचा नारळ आहे आणि त्याच्या शेजारी नऊशे साठ रुपयांचे आठ बोल्ट. रोज दिवा लावताना दोन्हींना हात लागतो आणि कोणासाठी हात जोडावे ते कळत नाही. भावाची वर्षे त्या शेडमध्ये गेली आहेत आणि भावजयीचे बोलणे मला खोटे वाटत नाही.

म्हणून विचारते. एखादी गोष्ट होऊ नये असा नवस असेल, तर तो कसा फेडतात, आणि जिने केला तिला तो मागे घेता येतो का? तुमच्याकडे रीत असेल तर सांगा. खाली कमेंटमध्ये नको, भावाकडचे सगळे वाचतात आणि तिथेच भांडण लागते. भजनी मंडळातल्या बायांकडे माझा पत्ता आहे, त्यांच्याकडून घ्या आणि पोस्टकार्डावर उलट टपाली कळवा. नारळातले पाणी अजून वाजते आहे.