तपासणी दोघांची

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात, मूल होण्याच्या उपचारांसाठी, शहाडची एक बाई माझ्यासारखीच यायची. नाव मी कधी विचारलं नाही. ती बाकावर टेकायची नाही, फेऱ्या मारत पुटपुटायची, "होईल गं, होईल."

तिचा नवरा इथे यायला लाजायचा, म्हणून तिने त्याची तपासणी कल्याणच्या खासगी लॅबमध्ये करून घेतली. डॉक्टर म्हणाल्या, "रिपोर्ट जुना झाला. आता त्यांनाच इथे आणा."

पुढच्या खेपेला तो आला, पण हेल्मेट घालूनच रांगेत उभा राहिला. बायका हसल्या. तिने त्याचा हात धरला. "हसता काय? तपासणी दोघांची असते."

त्याने हेल्मेट काढलं.

मी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. "पुढच्या वेळी तूपण यायचंस."

"बघू," तो म्हणाला. मी फोन ठेवला नाही.