शेपटीचा चोर

बाबांच्या मित्राइतका संशयी माणूस अख्ख्या भिलाईत नसेल. कारखान्याच्या गेटवर झडती घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माझ्या बाबांचा डबा त्यांनी बारा वर्षं उघडून पाहिला, एकदाही काही सापडलं नाही, तेव्हा कुठे मैत्री केली. निवृत्तीनंतर ते दूधवाल्याची बरणी, सुपेल्याच्या बाजारातून आलेली भाजी आणि भिंतीवरचं घड्याळसुद्धा तपासत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "लग्नाच्या मांडवात यायनं माह्या बापाले थांबवलं. पिशवीत काय आहे म्हणे!"

कुरुद वस्तीतल्या आमच्या एका खोलीत पाच जण. तिथे मला अभ्यास करता येत नाही हे कळल्यावर याच काकांनी आपल्या क्वार्टरचा मागचा व्हरांडा मला दिला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तो व्हरांडा नसता तर माझं बी.एस्सी. झालं नसतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी तळ्यातून बेडकाची शेपटीवाली पिल्लं आणून तिथे बरणीत ठेवली. त्यांना पाय फुटले आणि शेपट्या आखडू लागल्या. काका रोज बरणीला मोजपट्टी लावून बघत. एका सकाळी त्यांनी मला उभं केलं.

"शेपट्या कावून कापून राहिली तू?"

"मी कावून कापीन, काका? त्या आपोआप जातात."

"आपोआप काहीच जात नाही. गेटवर सगळे हेच सांगत. पाण्यात तुकडाबी नाही. तुह्यं खोटं निघालं तं व्हरांडा बंद."

त्यांनी बरणीच्या तोंडाला मलमल बांधली, गाठीवर लाख ओतली आणि समोर खुर्ची टाकली. मी घाबरून पुस्तकं आवरून ठेवली. चौथ्या दिवशी लाख शाबूत होती, शेपट्या नव्हत्या.

"सांग आता," काका म्हणाले.

"पेशीच्या आतच कात्र्या असतात, काका. कॅस्पेज म्हणतात त्यांना. एरवी त्या मिटलेल्या असतात. शरीराचा इशारा आला की उघडतात अन् आपल्याच पेशीतली प्रथिनं कापतात. पेशी मरते, उरलेलं दुसऱ्या पेशी खाऊन टाकतात."

"म्हणजे चोर आतलाच. अन् मी जन्मभर बाहेर जाणाऱ्यायले धरत राहिलो."

"चोर नाही, काका. तुमची बोटं आईच्या पोटात जोडलेली होती. मधल्या पेशी अशाच गेल्या, म्हणून ती सुटी झाली."

काकांनी पंजा पसरला. बोटांच्या मधल्या जागा एकेक करून पाहिल्या.

"कधी गेल्या, समजलंबी नाही," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "वाच तू. पंखा लाव."

मी पुस्तक उघडलं. काका बराच वेळ हात उजेडाकडे धरून बसले होते. त्या दुपारी मी काय करते आहे हे बघायला ते एकदाही वळले नाहीत.